जपानमध्ये नोकरी बदलताना : भारतीय मनुष्यबळापुढील खरी कसोटी

पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या ऑगस्ट २०२५ मधील जपान भेटीत उभय देशांनी मनुष्यबळाच्या देवाणघेवाणीचा कृती आराखडा जाहीर केला. पाच वर्षांत दोन्ही देशांतील मिळून पाच लाख नागरिकांची ये-जा व्हावी आणि त्यात भारतातील ५० हजार कुशल व होतकरू व्यक्तींना जपानमध्ये संधी मिळावी, असे उद्दिष्ट त्यात ठरविण्यात आले. या घोषणेनंतर किती जण जाणार, कोणत्या क्षेत्रांत जाणार, याची चर्चा स्वाभाविकपणे झाली. मात्र तेथे पोहोचलेल्या व्यक्तीला पहिली नोकरी सोडून दुसरी धरावयाची झाली, तर तिचे काय होते, हा प्रश्न तितकाच महत्त्वाचा असूनही काहीसा दुर्लक्षित राहिला आहे.

जपानची गरज उघड आहे. तेथील ६५ वर्षांवरील नागरिकांचे प्रमाण २९ टक्क्यांच्या घरात पोहोचले असून कारखाने, शेती, बांधकाम आणि वृद्धांची शुश्रूषा या सर्वच क्षेत्रांत हात कमी पडत आहेत. ऑक्टोबर २०२४ मध्ये जपानमधील परदेशी कामगारांची संख्या २३ लाखांवर गेली होती. त्या वर्षाच्या अखेरीस तेथे राहणाऱ्या भारतीयांची संख्या ५० हजारांहून थोडी अधिक, म्हणजे तुलनेने लहानच होती. नवे उद्दिष्ट या पार्श्वभूमीवर पाहिले, तर त्याची व्याप्ती ध्यानात येते.

नोकरी बदलण्याची मुभा जपानमध्ये सर्वांना सारखी नाही. ती निवासपरवान्याच्या प्रकारावर अवलंबून असते. माहिती तंत्रज्ञान किंवा अभियांत्रिकी क्षेत्रात काम करणाऱ्या बहुसंख्य भारतीयांचा परवाना हा कामाच्या स्वरूपाशी जोडलेला असतो, विशिष्ट कंपनीशी नव्हे. त्यामुळे त्याच प्रकारचे काम दुसरीकडे स्वीकारण्यास पूर्वपरवानगी लागत नाही. बदलाची सूचना १४ दिवसांच्या आत इमिग्रेशन विभागाला देणे मात्र बंधनकारक आहे. नवे काम परवान्याच्या चौकटीत बसते किंवा नाही, याची छाननी बहुधा नूतनीकरणाच्या वेळी होते. तोपर्यंत अनिश्चितता राहू नये, यासाठी रोजगारपात्रतेचे प्रमाणपत्र आधीच मागण्याची सोय कायद्यात आहे. याउलट, गुणांकन पद्धतीने मिळणारा ‘उच्च कुशल व्यावसायिक’ हा परवाना प्रारंभीच्या श्रेणीत विशिष्ट कंपनीशी बांधलेला असतो. तो धारण करणाऱ्याने नोकरी बदलल्यास नव्याने परवानगी घ्यावी लागते. अधिक सवलतींचा परवाना या एका बाबतीत अधिक बंधनकारक ठरतो.

नोकरी गेल्यास अथवा सोडल्यास घड्याळ सुरू होते. योग्य कारणाविना सलग तीन महिने परवान्यातील काम न केल्यास तो रद्द होऊ शकतो. आश्रित म्हणून आलेल्या पती-पत्नीचे व मुलांचे वास्तव्यही त्याच परवान्यावर अवलंबून असल्याने हा प्रश्न एका व्यक्तीपुरता उरत नाही. नव्या नोकरीचा प्रामाणिक शोध चालू असणे हे योग्य कारण मानले जाते. मात्र त्याचा पुरावा ज्याचा त्याला ठेवावा लागतो.

‘विशिष्ट कुशल कामगार’ या गटाची स्थिती अधिक नाजूक आहे. ही योजना एप्रिल २०१९ मध्ये सुरू झाली आणि भारताने तिच्यासाठी जानेवारी २०२१ मध्ये जपानशी सहकार्य करार केला. कौशल्याची व जपानी भाषेची परीक्षा उत्तीर्ण झालेल्यांना प्रारंभीच्या श्रेणीत एकूण पाच वर्षे राहता येते. कुटुंबाला सोबत नेता येत नाही. आपल्याच क्षेत्रात मालक बदलण्याचा हक्क त्यांना आहे, परंतु त्यासाठी परवान्यात बदल मंजूर व्हावा लागतो. मंजुरी येईपर्यंत नव्या ठिकाणी काम करता येत नाही. जुना पगार थांबलेला आणि नवा सुरू न झालेला, अशा या मधल्या काळात गाठीशी पैसा नसेल, तर कागदावरचा हक्क कागदावरच राहतो.

तांत्रिक प्रशिक्षणार्थींना तर हा हक्कही तत्त्वतः मिळालेला नाही. १९९३ पासूनच्या या योजनेत भारत २०१७ च्या कराराद्वारे सहभागी झाला. मालक बदलण्यास मनाई असल्याने छळ किंवा अपुरे वेतन सहन करणे, अथवा पळून जाणे, एवढेच मार्ग अनेकांपुढे उरले. २०२३ या एका वर्षात विविध देशांचे ९,७५३ प्रशिक्षणार्थी कामाच्या ठिकाणाहून बेपत्ता झाले. अखेर जपानच्या संसदेने जून २०२४ मध्ये ही योजना मोडीत काढून नवी व्यवस्था आणणारा कायदा संमत केला. तिच्या प्रारंभासाठी एप्रिल २०२७ हा मुहूर्त ठरविण्यात आला. एक ते दोन वर्षे काम केल्यावर, कौशल्य व भाषेच्या अटी पूर्ण करून, त्याच क्षेत्रात मालक बदलण्याची मुभा तीत आहे. नोकरी सोडण्याचे स्वातंत्र्य नाकारल्याने मनुष्यबळ टिकत नाही, हे जपानने या कायद्याद्वारे मान्य केले, असाच याचा अर्थ होतो.

जपानचा कामगार कायदा परदेशी व्यक्तीलाही लागू आहे, हे अनेकांना ठाऊक नसते. बेमुदत करारावरील कर्मचारी दोन आठवड्यांची सूचना देऊन नोकरी सोडू शकतो. नोकरी सोडल्याबद्दल ठराविक दंड आकारण्याची अट करारात घालणे बेकायदा आहे. मागणी केल्यास सेवासमाप्तीचा दाखला मालकाला विनाविलंब द्यावा लागतो. नव्या नोकरीच्या अटीही लेखी मिळाल्याच पाहिजेत. मुदतीच्या करारात मात्र पहिल्या वर्षात नोकरी सोडण्यास अपरिहार्य कारण लागते. म्हणून सही करण्यापूर्वी कराराचा प्रकार समजून घेणे आवश्यक ठरते.

आर्थिक बाजूही दुर्लक्षिण्याजोगी नाही. दोन नोकऱ्यांच्या मध्ये खंड पडल्यास १४ दिवसांत स्थानिक पालिकेकडे राष्ट्रीय आरोग्य विम्यासाठी नोंद करावी लागते. निवासी कर मागील वर्षाच्या उत्पन्नावर आकारला जात असल्याने उत्पन्न थांबले तरी त्याचे हप्ते थांबत नाहीत. भरपगारी रजा नव्या नोकरीत सहा महिन्यांनंतरच कायद्याने मिळते. तोपर्यंत घरी आजारपण उद्भवले, तर भारतात येणे बिनपगारी ठरू शकते. निवृत्तिवेतनाच्या बाबतीत ऑक्टोबर २०१६ पासून लागू असलेल्या भारत-जपान सामाजिक सुरक्षा करारामुळे दोन्ही देशांतील सेवाकाळ पात्रतेसाठी एकत्र धरता येतो. तथापि, जपान सोडताना एकरकमी परतावा घेतला, तर तो काळ हिशेबातून वगळला जातो.

या साऱ्यात भाषेचे महत्त्व वेगळे सांगावयास नको. पुण्यात जपानी भाषेच्या अध्ययनाची दीर्घ परंपरा आहे. टोकियोतील एदोगावा भागाच्या पालिकेवर २०१९ मध्ये मराठी भाषक योगेंद्र पुराणिक निवडून आले, त्यामागेही भाषेवरील प्रभुत्व व स्थानिक समाजाशी जोडलेले नाते होते. परंतु परीक्षेपुरती भाषा आणि करार वाचण्याइतकी भाषा यांत मोठे अंतर आहे. प्रस्थानपूर्व प्रशिक्षणात अभिवादनाच्या पद्धतींबरोबरच राजीनामा, विमा व परवाना यांची शब्दावली शिकविली गेली, तर ते अंतर कमी होईल.

पन्नास हजारांचे उद्दिष्ट गाठणे हे सरकारी यंत्रणांचे यश ठरेल. तथापि, त्या उद्दिष्टाचा कस किती जण विमानात बसले यावर लागणार नाही. पहिली नोकरी अन्यायकारक ठरल्यास दुसरी नोकरी सन्मानाने धरता आली किंवा नाही, यावर तो लागेल. उभय देशांनी मालक बदलण्याच्या काळात आधार देणारी व्यवस्था, तक्रारीसाठी मातृभाषेतील सल्ला आणि परवान्याचा त्वरित निपटारा यांकडे लक्ष दिले, तरच हा आराखडा कामगारांच्याही हिताचा ठरेल.