सत्तर किलोंचे नावाडी

दोस्तांनो, वल्हवण्याच्या शर्यतीत बहुतेक वेळा उंच, धिप्पाड माणसांचंच राज्य असतं. हात लांब असले की वल्हं पाण्यात लांबवर फिरतं, आणि अंगात जोर असला की नाव सुसाट निघते. मग सडपातळ मुलानं करायचं काय? काठावर उभं राहून नुसत्या टाळ्या पिटायच्या?

त्यांच्यासाठी ‘लाइटवेट’, म्हणजे हलक्या वजनाचा गट निघाला. ऑलिम्पिकमध्ये तो १९९६ साली, अटलांटाला आला. नियम मोठे कडक! पुरुषांच्या जोडीत एकाचंही वजन ७२.५ किलोंच्या वर नको आणि दोघांची सरासरी ७० किलोंच्या वर जायला नको. शर्यतीच्या दिवशी, सुरुवातीच्या एक-दोन तास आधी काट्यावर उभं राहायचं. काटा पुढे सरकला की नाव काठावरच! (हे वाचून कुणी जेवण सोडू नका, बरं का. वाढत्या वयात उपाशी राहून वजन उतरवणं हा खेळ नव्हे. आईबाबांनो, इकडे लक्ष असू द्या.)

या गटाचा राजा म्हणजे आयर्लंडचा पॉल ओ’डोनोव्हन. जन्म १९९४चा. त्याच्या स्किबरीन गावाजवळून आयलेन नदी वाहते. पॉल आणि त्याचा थोरला भाऊ गॅरी, दोघांनाही वल्हं धरायला शिकवलं ते वडिलांनी. २०१६ साली रिओला या भावांनी रौप्यपदक मिळवलं. नौकानयनात आयर्लंडचं हे पहिलंच ऑलिम्पिक पदक. त्याच वर्षी कुणीतरी त्यांना डावपेच विचारले होते. पॉल म्हणाला, डोळे मिटायचे आणि कुत्र्यासारखं ओढत सुटायचं! साऱ्या देशाची हसून मुरकुंडी वळली.

पुढे पॉलच्या नावेत आला त्याच्याच गावच्या क्लबचा फिन्टन मॅकार्थी. टोकियोला २०२१ मध्ये या दोघांनी उपांत्य फेरीत ६ मिनिटं ५.३३ सेकंदांत २००० मीटर कापून विश्वविक्रम केला, आणि दुसऱ्या दिवशी सुवर्णपदक पटकावलं. २०२४ मध्ये पॅरिसलाही सुवर्ण! बरं, हा गडी अभ्यासातही मागे नाही. आधी डब्लिनला फिजिओथेरपी शिकला, मग कॉर्कला डॉक्टरकी, आणि तीही सराव न सोडता. रोज दमूनभागून आल्यावर शरीरशास्त्राची पुस्तकं उघडायची, म्हणजे गंमत नाही!

टोकियोच्या याच स्पर्धेत आपलीही एक जोडी होती. लष्करातले अर्जुनलाल जाट आणि अरविंद सिंग. दोघांचा सराव पुण्याला, लष्कराच्या नौकानयन केंद्रात. ते अकरावे आले, आणि तोवर ऑलिम्पिकच्या नौकानयनात कुणाही भारतीयाला इतकं पुढे जाता आलं नव्हतं. दोन वर्षांनी, हांगझोच्या आशियाई स्पर्धेत त्यांनी रौप्यपदक मिळवलं.

आता मात्र वाईट बातमी. पॅरिसनंतर हा गट ऑलिम्पिकमधून काढून टाकलाय. २०२८च्या लॉस एंजेलिसला त्याच्या जागी किनाऱ्यावरची शर्यत आहे. वाळूवरून धावत सुटायचं, नावेत उडी मारायची, लाटांमधून वल्हवत खुणेच्या तरंगत्या पिंपांना वळसा घालायचा आणि परत किनाऱ्याला लागून पुन्हा धावायचं. बघायला मजा येईल, यात शंका नाही. पण तिथे वजनाचा काटा नसेल. सत्तर किलोंच्या नावाड्याला नव्वद किलोंच्या गड्याशेजारीच उभं राहावं लागेल.