हसा, पण करणीला!

गेल्या महिन्यात आमच्या बचतगटाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एक चित्र आलं. चीनचे अध्यक्ष शी जिनपिंग, डोळ्यांच्या जागी नुसत्या दोन रेघा, नाक पार चपटं केलेलं आणि खाली खाण्यापिण्यावरून एक आचरट ओळ. याला हल्ली मीम म्हणतात. भराभर हसरे चेहरे उमटले. खोटं कशाला सांगू, त्यातला एक माझाही होता.

दोन दिवसांनी इथे एमआयडीसीतल्या पार्लरमध्ये भुवया करायला गेले. तिथली मुलगी मणिपूरची. दोन वर्षांत छान मराठी शिकली आहे. तेच चित्र तिलाही कुणीतरी पाठवलं होतं, वर ‘तुझे मामा आले’ असं लिहून. "ताई, हे तर नेहमीचंच," असं म्हणून ती हसली, पण तिचे डोळे भरून आले होते. मला माझा तो हसरा चेहरा आठवला आणि मान वर करवेना.

मैत्रिणींनो, कुणी म्हणेल, ‘जून 2020 मध्ये गलवानला आपले 20 जवान शहीद झाले. त्या चीनच्या अध्यक्षाची थट्टाही करायची नाही का?’ जरूर करावी! त्यांच्या जमिनीच्या हावेची करा, दडपशाहीची करा. सत्ताधाऱ्याला हसणं हा लोकांचा हक्कच आहे. पण डोळे बारीक असणं हा काही त्यांचा गुन्हा नाही. तो चेहरा त्यांच्या एकट्याचा नाही, कोट्यवधी लोकांचा आहे. त्यात आपले मणिपूर, नागालँड, अरुणाचलचे भाऊबहीणही आले. म्हणून नेता परका असला तरी त्याच्या रूपावरची थट्टा हा वंशद्वेषच. बाण मारायचा बीजिंगला आणि तो लागतो आपल्याच गल्लीतल्या लेकीला. त्या अध्यक्षांना आपलं चित्र दिसतही नाही.

याचे परिणाम आपण पाहिले आहेत. जानेवारी 2014 मध्ये दिल्लीच्या लाजपतनगरात अरुणाचलच्या निडो तानिया या विद्यार्थ्याच्या केसांवरून दुकानात टिंगल झाली. त्यातून मारहाण झाली आणि पोराचा जीव गेला. 2020 मध्ये साथ आली, तेव्हा ईशान्येकडच्या मुलामुलींना रस्त्यात ‘कोरोना’ म्हणून हाका मारल्या गेल्या. शेवटी केंद्रीय गृहखात्याला राज्यांना पत्र लिहून हे थांबवा म्हणावं लागलं. आणि 2021 मध्ये टोकियोत मणिपूरच्या मीराबाई चानूने रौप्यपदक जिंकलं, तेव्हा मात्र आपण टाळ्या वाजवून ‘आपली मुलगी’ म्हणालो!

आपल्यावर वेळ येते तेव्हा आपल्याला हे बरोबर कळतं. 1931 मध्ये चर्चिल यांनी गांधीजींना ‘अर्धनग्न फकीर’ म्हटलं. त्यांच्या विचारांना उत्तर देता येईना, म्हणून पंचावर घसरले. ते आपल्याला आजही बोचतं. 2014 मध्ये आपलं मंगळयान पोचलं, तेव्हा ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने व्यंगचित्र छापलं. त्यात अंतराळातल्या बड्या देशांच्या क्लबचं दार एक फेटेवाला शेतकरी गाय घेऊन ठोठावतो आहे. आपण संतापलो आणि त्या वर्तमानपत्राला दिलगिरी व्यक्त करावी लागली. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, असं कसं चालेल?

मी माझ्यापुरती एक साधी कसोटी ठरवली आहे. चित्रातलं नाक, डोळे, रंग, कपडे बोटाने झाकायचे. मग हसण्यासारखं काही उरतं का? उरलं तर खुशाल हसा. काहीच उरलं नाही, तर ती थट्टा त्या नेत्याची नव्हेच, त्याच्यासारख्या दिसणाऱ्या प्रत्येकाची आहे. मुलांनाही हे आत्ताच सांगायला हवं, कारण मोबाइल त्यांच्याच हातात जास्त असतो.

आपल्या एमआयडीसीत आज कुठकुठून माणसं पोटासाठी आली आहेत. कुणी बिहारचं, कुणी ओडिशाचं, कुणी पार मणिपूरचं. उद्या आपलीही मुलं नोकरीला परमुलखात जातील. तिथे त्यांच्या रंगाला कुणी हसू नये, असं वाटतं ना?

ग्रुपवर मी लिहिलं, ‘परवा मी हसले, ते चुकलं.’ थोडा वेळ शांतता होती. मग ज्या बाईंनी ते चित्र टाकलं होतं, त्यांनी ते काढून टाकलं. वाद नाही, भांडण नाही. एवढं तर आपल्यापैकी कुणालाही जमेल.