गाडीचे पाटे आणि जॅकचा भरवसा

दोस्तांनो, पावसाळा सरता सरता वसई-विरारचे रस्ते कसे होतात, ते तुम्हांला वेगळं सांगायला नको. व्हॅनच्या मागच्या बाकावर बसणाऱ्यांना तर मुळीच नको! पण त्या खड्ड्यांत तुमचा आणि तुमच्या जडशीळ दप्तरांचा भार पेलतं कोण? आज गाडीखाली डोकावू या. नुसतं डोकावायचं हं, आत शिरायचं नाही.

मारुती ओम्नी १९८४ साली आली आणि २०१९ पर्यंत बनत होती. तिच्या मागच्या दोन्ही चाकांपाशी पोलादी पट्ट्यांची चळत असते. गॅरेजवाले त्यांना ‘पाटे’ म्हणतात. कुर्ल्याला बनणाऱ्या प्रीमियर पद्मिनीलाही मागे पाटेच होते. मुंबईतली तिची शेवटची काळी-पिवळी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये निवृत्त झाली.

पट्ट्या एकीखाली एक आखूड होत जातात. असं का? प्लास्टिकची फूटपट्टी टेबलाच्या कडेवर अर्धी बाहेर धरा आणि टोक हळूच दाबा. ती कडेपाशीच जास्त वाकते ना? आता तिच्याखाली एक आखूड पट्टी सरकवा. जिथे मोडायची भीती, नेमकी तिथेच जाडी वाढली! पाट्याच्या मधोमध जाडी असते ती याचसाठी.

दुसरी गंमत म्हणजे पाट्याचं पुढचं टोक गाडीला जखडलेलं, पण मागचं टोक हलत्या कडीला अडकवलेलं असतं. भाराने कमान सपाट झाली की तिची टोकं दूर सरकतात. त्यांना जागा नको?

नुसते पाटे असते तर गाडी पाळण्यासारखी डुलत राहिली असती. ते डुलणं थांबवतो शॉकअप. बिनसुईच्या नव्या सिरिंजमध्ये पाणी भरा. दट्ट्या हळू दाबला तर सहज जातो, जोरात दाबला तर अडतो. शॉकअपमध्ये तेल असंच बारीक भोकांतून जातं. उभ्या गाडीचा मागचा भाग दाबून सोडा. तो वर येऊन थांबला तर ठीक, डुलतच राहिला तर शॉकअप संपला समजा.

आता हे घरच्या अंगणात बदलता येतं का? येतं, पण काम मोठ्यांचं. आणि आई-बाबांनो, हा भाग तुम्हीही वाचाच. जॅक गाडी उचलण्यासाठी असतो, उचलून धरण्यासाठी नाही. किनाऱ्याकडच्या वाड्यांत जमीन रेताड, तिथे जॅक कलायला कितीसा वेळ लागतो? म्हणून जागा पक्की, सपाट हवी आणि गाडी भक्कम लोखंडी स्टँडवर टेकवलेली हवी. विटांवर तर कधीच नको, वीट भाराखाली अचानक फुटते. पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी उटी लावायची. हँडब्रेक ओढलाय की, असं कोणी म्हणेल. पण हँडब्रेक धरतो मागची चाकं, आणि तीच तर हवेत आहेत! ओम्नीत गिअरही मागच्याच चाकांना जोडलेला, तोही कामाचा नाही.

खाऱ्या वाऱ्याने नट गंजतात, म्हणून त्यांवर आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल घालून ठेवलेलं बरं. चाक काढलं की आसाखाली दुसरा जॅक लावायचा, मग शॉकअप, यू-बोल्ट आणि शेवटी टोकांचे बोल्ट सोडायचे. पाटे दोन्ही बाजूंचे बदलायचे, नाहीतर गाडी एका अंगाला कलते. टोकांत रबरी बुश असतात. ते बोल्ट हवेत पूर्ण आवळले तर गाडी खाली आल्यावर रबर पिळलेलंच राहतं आणि लवकर फाटतं. शेवटचा पीळ गाडी चाकांवर टेकल्यानंतरच.

नव्या गाड्यांच्या पुढच्या शॉकअपवर वेटोळी स्प्रिंग दाबून बसवलेली असते. ती घरी सोडायचीच नाही. सुटली तर बंदुकीच्या गोळीसारखी उडते. ते काम गॅरेजातच.

आणि तुमचं काम? सुटलेले नट-बोल्ट डब्याच्या झाकणात क्रमाने मांडणं, आणि गाडी जॅकवर असताना धाकट्या भावंडांना अंगणाबाहेर ठेवणं. आठवडाभर गाडी पळाली की यू-बोल्ट पुन्हा आवळून बघावे लागतात. कॅलेंडरवर त्या तारखेला आत्ताच खूण करून ठेवा.