नव्व्याण्णव टक्के कशाचे?

काय दोस्तांनो, एखादा मित्र धावत आला आणि म्हणाला, "मला ९९ टक्के मिळाले!" तर तुम्ही पहिला प्रश्न कोणता विचाराल? "कशात रे?" हो ना? चित्रकलेत ९९ आणि गणितात ९९ यांत फरक आहेच की! शिवाय पेपर कोणी काढला, तपासला कोणी, हेही विचारावंसं वाटतं. आज हेच प्रश्न आपण एका डब्याला विचारणार आहोत.

हा डबा म्हणजे घरातली हवा गाळणारं यंत्र, एअर प्युरिफायर. आत एक पंखा आणि एक घड्या घातलेली जाळी. पंखा खोलीतली हवा ओढतो, जाळी तिच्यातले कण अडवते, वरून गाळलेली हवा बाहेर. झालं यंत्र! खोक्यावर मात्र मोठ्या अक्षरात लिहिलेलं असतं, "९९.९७ टक्के कण गायब".

चंद्रपूर, बल्लारपूर, घुग्गुस इकडच्या वाचकांना असा डबा का विकत घ्यावासा वाटतो, हे मी सांगायला नको. कोळशाच्या खाणी, सिमेंटचे कारखाने आणि २,९२० मेगावॅटचं औष्णिक वीज केंद्र, सगळं जवळजवळ. २००९ साली केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानं देशातल्या ८८ औद्योगिक भागांना प्रदूषणाचे गुण दिले. हवा, पाणी, जमीन सगळं धरून. या परीक्षेत गुण जितके जास्त तितकी गत वाईट, बरं का! चंद्रपूरला १०० पैकी ८३.८८ मिळाले आणि देशात चौथा नंबर आला. पुढे २०१९ साली राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम सुरू झाला, त्या शहरांच्या यादीतही चंद्रपूर आहेच.

आणि धानोरा, एटापल्ली, भामरागडकडच्या मित्रांनो, "हे शहरातल्या लोकांचं आहे" म्हणून पान उलटू नका. तुमच्या चुलीकडे मी येणारच आहे. खरं तर तिच्यासाठीच एवढं लिहितेय.

आधी डब्याची परीक्षा कशी घेतात ते पाहू. अमेरिकेत एक पद्धत ठरलेली आहे. साडेदहा फूट लांब, बारा फूट रुंद आणि आठ फूट उंच अशी एक खोली. करा बरं गुणाकार! १,००८ घनफूट. खोली अगदी घट्ट बंद. तिच्यात सिगारेटचा धूर सोडतात आणि पंख्यानं सगळीकडे सारखा पसरवतात. मग यंत्र बंदच ठेवून दर मिनिटाला कण मोजतात.

यंत्र बंद का? इथंच खरी गंमत आहे. धुरातले काही कण आपोआप खाली बसतात, भिंतींना चिकटतात. ते श्रेय यंत्राला कसं देणार? म्हणून आधी आपोआप किती कमी झाले ते मोजायचं, मग पुन्हा धूर भरून यंत्र चालू करून मोजायचं, आणि पहिला वेग दुसऱ्यातून वजा करायचा. जो उरतो तो यंत्राचा स्वतःचा. त्याला खोलीच्या घनफळानं गुणलं की यंत्र किती हवा साफ करून देतं ते कळतं. या आकड्याला सीएडीआर म्हणतात. धुराचा वेगळा, बारीक धुळीचा वेगळा आणि फुलांच्या परागांचा वेगळा. परागांच्या पेपराला कागदी तुतीचे पराग वापरतात! आपल्याकडे असता तर कोणी मोहाचे नाही तर आंब्याच्या मोहराचे म्हटलं असतं.

आता ९९.९७ कडे वळू. हे गुण यंत्राचे नाहीतच, ते आतल्या जाळीचे आहेत. ०.३ मायक्रॉनचे कण जाळीवर सोडले, तर दहा हजारांतले ९,९९७ अडतात, असा त्याचा अर्थ. (आपला केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो, म्हणजे बघा.) जाळी खरंच हुशार आहे. पण मागचा पंखा मरतुकडा असेल तर? हवाच आली नाही तर जाळी अडवणार काय? विहिरीचं पाणी कितीही स्वच्छ असो, पोहऱ्याला भोक असलं तर घागर भरायला दिवस जातो. तसंच हे. म्हणून मोठ्या अक्षरातले टक्के सोडा आणि बारीक अक्षरातला सीएडीआर शोधा.

एक हिशेब करू. खोली १० बाय १२ फूट, उंची १० फूट. म्हणजे १,२०० घनफूट, सुमारे ३४ घनमीटर. यंत्राचा सीएडीआर ताशी २०० घनमीटर असेल तर २०० भागिले ३४, जवळजवळ ६. तासाभरात खोलीभर हवा सहा वेळा साफ. तेच यंत्र दुप्पट मोठ्या खोलीत ठेवलं तर तीनच वेळा. यंत्र तेच, जाळी तीच, ९९.९७ सुद्धा तेच!

देशोदेशीची सरकारं या परीक्षेत आणखी प्रश्न घालतात. अमेरिकेनं २०२३ साली नियम केला की एका वॅट विजेमागे यंत्रानं अमुक इतकी हवा साफ करून दिलीच पाहिजे, नाहीतर ते विकायचं नाही. कॅलिफोर्निया राज्यात २०१० पासून ओझोनचाही पेपर लागला, कारण काही यंत्रं हवा साफ करता करता स्वतःच ओझोन वायू सोडतात आणि तो फुप्फुसाला वाईट. मला सगळ्यात आवडला तो चीनचा प्रश्न. तिथं विचारतात, जाळीनं एकूण किती धूर पोटात घेतला की तिची ताकद अर्धी होते? नव्या जाळीचे गुण सगळेच दाखवतात, जुन्या जाळीचे दाखवा की! या पेपरात वरची श्रेणी मिळवायला कमीत कमी १२,००० मिलिग्रॅम, म्हणजे १२ ग्रॅम कण गिळावे लागतात. हा १२ चा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता सांगा, या सगळ्या परीक्षा कुठल्या खोलीत झाल्या? घट्ट बंद खोलीत. आणि आपली घरं? कवेलूच्या फटींतून उन्हाचे कवडसे जमिनीवर पडतात. भिंत आणि छपराच्या मधून चिमण्या येतात-जातात. बांबूच्या तट्ट्याची भिंत असेल तर बोलायलाच नको. अशा घरात डबा ठेवणं म्हणजे तलावाच्या काठाशी बसून तांब्यानं गाळ उपसणं. डबा नापास नाही हो, पण त्याचा पेपर आपल्या घरी झालेलाच नाही.

वर्गात हे सांगितलं तेव्हा एका मुलीनं लगेच विचारलं, "बाई, मग डबा थेट चुलीजवळच ठेवला तर?" प्रश्न फार चांगला. उत्तरासाठी आधी चुलीचा पेपर पाहावा लागेल.

हो, चुलीलाही परीक्षा असते! भारतीय मानक ब्युरोचं आयएस १३१५२ नावाचं मानक खास लाकडाच्या सुधारित चुलींसाठी आहे. १९९१ साली आलं, २०१३ मध्ये सुधारलं. प्रयोगशाळेत एकसारखे कापलेले, पूर्ण वाळवलेले लाकडाचे तुकडे तोलून घेतात. चुलीवर पाण्याचं भांडं, वर धूर गोळा करणारं धुराडं. पाणी ९५ अंशांपर्यंत तापवतात आणि मोजतात, लाकडातली किती उष्णता पाण्यात गेली. साध्या चुलीला निदान २५ टक्के आणि आत छोटा पंखा असलेल्या चुलीला ३५ टक्के मिळाले तर पास. हसू नका! आपली तीन दगडांची चूल दहाच्या आसपास घुटमळते. बाकीची नव्वद टक्के उष्णता भांड्याच्या बाजूनं निघून जाते, आणि तेवढ्यासाठी कुणाची तरी माय जंगलातून डोक्यावर मोळी आणते.

दुसरा पेपर धुराचा. भांड्याला एक मेगाज्यूल उष्णता देताना साध्या चुलीतून ३५० मिलिग्रॅमपेक्षा जास्त कण निघता कामा नयेत, पंख्याच्या चुलीतून १५० पेक्षा. आता दोन लिटर पाणी २५ अंशांवरून ९५ ला न्यायला साधारण ०.५९ मेगाज्यूल लागतात. म्हणजे काठावर पास झालेली साधी चूल तेवढ्या वेळात सुमारे २०५ मिलिग्रॅम कण सोडते. आपल्या ३४ घनमीटरच्या खोलीत ते सगळे कोंडले तर? दर घनमीटरमागे ६ मिलिग्रॅम, म्हणजेच ६,००० मायक्रोग्रॅम. आणि बाहेरच्या हवेत बारीक कणांची, पीएम २.५ ची, आपल्या देशात दिवसभराची मर्यादा आहे ६०. शंभर पट! ही पास झालेली चूल बरं का, तीन दगडांची तर सोडाच. कवेलूच्या फटींतून पुष्कळ धूर निघून जातो म्हणून आपलं निभतं. ज्या फटींमुळे डबा हरतो, त्याच फटी चुलीपुढे आपल्याला सांभाळतात.

मग डबा चुलीजवळ? करा तो १२ ग्रॅमचा हिशेब. १२,००० भागिले २०५, साधारण ५८. रोज एकदाच दोन लिटर पाणी तापवलं आणि डब्यानं सगळा धूर ओढून घेतला असं मानलं, तरी दोन महिन्यांत त्या चांगल्या श्रेणीच्या जाळीची ताकद अर्धी. भात, वरण, भाकरी यात धरलेलीच नाही. मुलीनं हिशेब मांडला आणि स्वतःच म्हणाली, "इतक्या जाळ्यांच्या पैशात तर धुराडं बांधून होईल!" माझंही मत तेच. धूर घरात सोडून मग गोळा करण्यापेक्षा धुराड्यानं परस्पर बाहेर घालवावा, नाहीतर गॅस पेटवावा. २०१६ साली उज्ज्वला योजना आली आणि खूप घरी सिलिंडर पोचला, पण तो पुन्हा भरायला पैसे लागतात, म्हणून कोपऱ्यात गॅस आणि मध्ये चूल असं चित्र अजून दिसतं. त्यात घरच्यांची चूक काढू नका.

या सगळ्यात सर्वात जास्त धूर कोण खातं? जी चुलीपुढे बसते ती, आणि तिच्या मांडीवरचं बाळ. जागतिक आरोग्य संघटना सांगते की घरातल्या धुरानं लहान मुलांना निमोनियासारखे आजार होण्याचा धोका जवळजवळ दुप्पट होतो. निमोनिया म्हटलं की गडचिरोलीचं नाव जगभर घेतात, आणि अभिमानानं घेतात. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेनं १९८८ पासून इथल्या गावांतल्याच माणसांना बाळाचा निमोनिया ओळखायला आणि औषध द्यायला शिकवलं. बालमृत्यू कमी झाले, आणि १९९० साली ते 'लॅन्सेट' या वैद्यकीय साप्ताहिकात छापून आलं. आकडे न येणाऱ्या सुईणींसाठी त्यांनी एक साधं साधन केलं होतं. एक मिनिटाचं वाळूचं घड्याळ आणि तारेत ओवलेले मणी. बाळाचे दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत लाल मणी सरकला तर निमोनियाचा संशय! ना वीज, ना जाळी. तुमच्या घरात दोन महिन्यांपेक्षा मोठं पण वर्षाच्या आतलं बाळ असेल आणि त्याचा श्वास मिनिटाला ५० किंवा जास्त भरला, तर वाट पाहू नका. आशाताईंना किंवा दवाखान्यात लगेच दाखवायचं. दोन महिन्यांच्या आतल्या बाळासाठी हा आकडा ६० आहे.

घरी कोणी चूल, कुकर, प्युरिफायर काहीही घेणार असेल तर तुम्ही सोबत जा आणि खोकं हातात घ्या. आयएसआयची खूण असेल तर तिच्या वर आयएसचा आकडा असतो. तो सांगतो पेपर कोणता. खाली सीएम/एल अशी अक्षरं आणि परवान्याचा आकडा असतो. तो मोबाइलवरच्या 'बीआयएस केअर' ॲपमध्ये टाकला की खूण खरी की खोटी ते कळतं. प्युरिफायर असेल तर दुकानदाराला एवढंच विचारा, "काका, धुराचा सीएडीआर किती, आणि कुठल्या पद्धतीनं मोजला?" काका गडबडले तर समजून जा. फसवणूक झाली असं वाटलं तर १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर आहे.

आता या आठवड्याचा प्रयोग. मोठ्या माणसांना सोबत घेऊनच करायचा. सरपण तोला. दोन लिटर पाणी चुलीवर ठेवा. शाळेच्या प्रयोगपेटीतला थर्मामीटर (तापाचा नव्हे, तो फुटेल!) मोठ्यांनी धरायचा. पाणी २५ वरून ९५ ला गेलं की जाळ विझवा आणि उरलेलं सरपण पुन्हा तोला. पाण्यानं घेतली २ गुणिले ७०, म्हणजे १४० किलोकॅलरी. किलोभर सुक्या लाकडात ढोबळमानानं ४,००० किलोकॅलरी असतात. समजा ४०० ग्रॅम लाकूड लागलं, तर १,६०० पैकी १४०. तुमच्या चुलीला पावणेनऊ टक्के! मग तोच प्रयोग भांड्यावर झाकण ठेवून करा.

पत्रात लिहा: लाकूड मोहाचं की सागाचं की तुराट्या, ओलं की सुकं, झाकण होतं की नव्हतं, आणि किती ग्रॅम लागलं. सहाशे लागलं तर सहाशेच लिहा हं, चुलीला कोणी नापास करून वर्गाबाहेर उभं करणार नाहीये.