इंजिनाचा धूर व शेतकऱ्याचे हित

पैनगंगेच्या काठी वसलेल्या देऊळघाटच्या शिवारात विजेचे पंप आले असले, तरी जेथे वीज नाही तेथे, अथवा ऐन वेळी ती खंडित झाल्यास, हरभरा-गव्हाची पाळी चुकू नये म्हणून तेलाच्या इंजिनाचाच आधार घ्यावा लागतो. इंजिन सुरू होताच काळ्या धुराचा लोट उठला, की ते जोरात चालले आहे असे पुष्कळांस वाटते. हा समज चुकीचा असून शेतकऱ्याच्या खिशास व छातीस सारखाच घातक आहे.

काळा धूर म्हणजे पुरते न जळलेले डिझेल होय. एक लिटर डिझेल पूर्णपणे जळण्यास किमान १२ किलो, म्हणजे सुमारे १०,००० लिटर हवा लागते. हवेची गाळणी धुळीने तुंबली, नॉझल झिजून तुषारांऐवजी थेंब पडू लागले, अथवा पंपाचा स्क्रू पिळून डिझेल वाढविले, तर हवा व इंधन यांचा मेळ बिघडतो. निळसर धूर वंगणतेल जळत असल्याचे दर्शवितो. इंजिन तापल्यावरही पांढरा धूर राहिला, तर डिझेल न जळताच बाहेर पडत आहे किंवा सिलिंडरात पाणी शिरत आहे, असे समजावे.

गाळणी काढून टाकली म्हणजे इंजिनास मोकळी हवा मिळते, असे काहींचे म्हणणे असते. ते प्रथमदर्शनी खरे वाटते. परंतु उन्हाळ्यातील बारीक धूळ आत जाऊन पिस्टनच्या रिंगा व सिलिंडर घासून टाकते. मग दाब घटतो, तेल जळू लागते आणि आरंभी मिळालेला जोर दुरुस्तीच्या खर्चाने दामदुपटीने फेडावा लागतो.

शासनाने आपल्या परीने नियम केले आहेत. १ एप्रिल २०२० पासून देशभर मिळणाऱ्या डिझेलात गंधकाचे प्रमाण दहा लाखांत १० भागांहून अधिक असू नये, असे बंधन आहे. डिझेल जनित्रांच्या धुरासाठी १ जुलै २०२३ पासून अधिक कडक मर्यादा लागू झाल्या. तथापि कारखान्यात पाळलेली मर्यादा बांधावर टिकविणे हे मालकाच्याच हाती आहे. तेथे प्रत्येक इंजिनामागे तपासनीस उभा करता येणार नाही, आणि तशी अपेक्षा बाळगणेही योग्य नव्हे.

हा धूर प्रथम कोणाच्या नाकात जातो? इंजिनापाशी बसणाऱ्या शेतकऱ्याच्या, त्याच्या मुलाच्या अथवा सालदाराच्या. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ साली डिझेलच्या धुरास मानवी कर्करोगाचे कारण ठरविले. याहून तातडीचा धोका विहिरीत असतो. विहिरीच्या आतील कट्ट्यावर ठेवलेल्या इंजिनाचा वायू तेथेच कोंडतो. त्यातील कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वासही नाही, म्हणून उतरणाऱ्या माणसास सावध होण्यास अवधी मिळत नाही. यास्तव इंजिन विहिरीबाहेर, उघड्यावरच ठेवावे.

उपाय अवघड नाहीत. तेलाची हवागाळणी असल्यास तिच्यातील तेल खुणेपर्यंत ठेवावे व मळताच बदलावे. डिझेल गाळून भरावे व डिझेलची गाळणी ठरल्या वेळी बदलावी. नॉझलचा दाब आणि झडपांमधील अंतर माहीतगार मेकॅनिककडून इंजिनाच्या पुस्तिकेप्रमाणे तपासून घ्यावे. पंपाचे सील तोडू नये. सायलेन्सर काढू नये. चार-पाच शेतकऱ्यांनी मिळून रब्बीपूर्वी एकाच दिवशी मेकॅनिक बोलाविल्यास खर्चही विभागला जाईल.

पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलाच्या खांद्यास तूप-हळद लावण्याची रीत आपल्याकडे आहे. ती केवळ पूजा नव्हे. वर्षभर राबलेल्या खांद्याची ती चौकशी आहे. बैलाच्या जागी जेथे इंजिन आले, तेथे ही चौकशीही त्याच्या वाट्यास आली पाहिजे.