वंध्यत्व आणि लोकसंख्येचा बहाणा

‘देशाची लोकसंख्या १४० कोटींच्या पुढे गेली, आणि ज्यांना मूल होत नाही त्यांच्यावर सरकारने पैसा खर्च करायचा?’ वंध्यत्वाचा विषय निघाला की हा प्रश्न हमखास येतो. विचारणारा बहुधा दोन मुलांचा बाप असतो. त्याच्या जोडीला आणखी तीन मते ऐकू येतात: दोष बाईचाच असतो, हे श्रीमंतांचे दुखणे आहे, आणि एवढी हौस असेल तर मूल दत्तक घ्यावे. चारही मते तपासून पाहण्यासारखी आहेत.

आधी लोकसंख्या. भारताने १९५२ साली कुटुंबनियोजनाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला. लाल त्रिकोण खेड्यापाड्यांतल्या भिंतींवर गेला, आरोग्यसेविका घरोघर जाऊन ‘मुले किती?’ विचारू लागल्या. सत्तर वर्षे लोकांची मुले मोजणाऱ्या सरकारला, मूल होत नाही म्हटल्यावर ‘हा तुमचा खासगी मामला’ म्हणून हात झटकता येणार नाहीत. १९९४ च्या कैरो लोकसंख्या परिषदेने वंध्यत्वाचा प्रतिबंध आणि उपचार प्रजनन आरोग्याच्या सेवांतच धरले आहेत. शिवाय २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्राचा एकूण जननदर १.७ भरला, म्हणजे लोकसंख्या स्थिर राहण्यासाठी लागणाऱ्या २.१ पेक्षा बराच कमी. पण तो ३ असता तरी माझे म्हणणे बदलले नसते. माणसे फार झाली म्हणून कोणी डायलिसिस बंद करा म्हणत नाही.

दुसरे मत बाईच्या दोषाचे. मूल न होणाऱ्या जवळपास निम्म्या जोडप्यांत पुरुषाकडचे कारण असते, कधी एकटे, कधी बाईकडच्या कारणाच्या जोडीने. वृषणाच्या फुगलेल्या शिरा, वयात आल्यावर झालेले गालगुंड, जिममध्ये घेतलेली स्टेरॉइड्स ही त्यातली काही. तरी आपल्याकडे बाईची सोनोग्राफी होते, नळ्यांची तपासणी होते, दुर्बिणीतून ऑपरेशनही होते, आणि नवऱ्याची वीर्यतपासणी ‘नंतर बघू’वर राहते. ती स्वस्त आहे आणि तिच्यात सुईसुद्धा टोचावी लागत नाही. आड येते ती मर्दानगीची भीती. नपुंसकत्व वेगळे, वंध्यत्व वेगळे, हे कायद्याला केव्हाच कळले: १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात नपुंसकत्वामुळे विवाह रद्द ठरवून घेता येतो, मूल न होणे हे मात्र घटस्फोटाचे कारणच नाही. ‘दुसरी आणू’ म्हणणाऱ्या घरांनी एवढे तरी वाचावे.

श्रीमंतांचे दुखणे? भारतात जननेंद्रियांचा क्षय हे वंध्यत्वाचे महत्त्वाचे कारण आहे. पुष्कळदा तो काहीच लक्षण न दाखवता नळ्या बंद करतो. अडाणी हातांनी केलेला गर्भपात आणि बाळंतपणानंतरचा जंतुसंसर्ग हेही तेच करतात. ही दुखणी बंगल्यांतून येत नाहीत. श्रीमंतांना परवडतो तो उपचार. आणि तोही एकेकाळी सरकारी दारातच होता: १९८६ मध्ये डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या प्रयत्नांतून टेस्ट ट्यूब बेबी जन्मली ती मुंबई महापालिकेच्या केईएम रुग्णालयात. पुढे हे शास्त्र खासगी केंद्रांत गेले आणि गरिबाच्या वाट्याला नवस राहिला.

दत्तकाचा सल्ला वरवर उदात्त वाटतो. जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांना मूल झाले नाही. जोतीरावांनी दुसरे लग्न केले नाही, दोघांनी यशवंताला आपला मुलगा केले. ती त्यांची निवड होती. दत्तक घेणे इतके चांगले असेल, आणि ते आहेच, तर दोन मुलांच्या आईबापांना तो सल्ला का मिळत नाही? ज्यांना मूल होत नाही त्यांनाच तो देणे म्हणजे अनाथ मुलाला औषध ठरवणे.

एक आक्षेप मात्र वजनदार आहे. उपचार हाताशी आले की ‘अजून एकदा करून बघ’ म्हणत आईपणाची सक्ती वाढेल, असे काही स्त्रीवादी म्हणतात. हे घडतेही. पण सक्ती करते ती घरातली माणसे. उपचार महाग ठेवून ती कमी होत नाही, फक्त बाईच्या अंगावरचे दागिने कमी होतात.

म्हणून मागणी स्पष्ट असावी. वर्षभर प्रयत्न करूनही दिवस राहिले नाहीत तर, आणि बाईचे वय पस्तिशीपुढे असेल तर सहा महिन्यांतच, दोघांचीही तपासणी एकाच वेळी व्हावी. जिल्हा रुग्णालयांत निदान मोफत हवे. गोव्यात बांबोळीच्या वैद्यकीय महाविद्यालयात २०२३ पासून आयव्हीएफ मोफत मिळू लागले. महाराष्ट्राने तिथवर जाण्यात कमीपणा नाही. आरोग्य विम्याच्या बहुतेक पॉलिसींत वगळलेल्या उपचारांच्या यादीत वंध्यत्व असते. ते तिथून काढावे.

नातेवाइकांचे काम तर बिनखर्चाचे आहे. ‘गोड बातमी कधी?’ हा प्रश्न विचारू नये. ओटीभरणाला, बारशाला तिला आवर्जून बोलवावे आणि ती आली नाही तर रुसू नये. आयव्हीएफ दर वेळी यशस्वी होत नाही, हे डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत सांगावे. आणि ज्या दिवशी ते दोघे ‘आता पुरे’ म्हणतील, त्या दिवशी त्यांना कारण विचारण्याचा अधिकार सासर, माहेर आणि डॉक्टर यांपैकी कोणालाही नाही.