शिक्षकाची नजर

१९५४ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ‘ब्राऊन’ खटल्यात कृष्णवर्णीय मुलांसाठीच्या वेगळ्या सरकारी शाळा घटनाबाह्य ठरविल्या. शाळेचे दार उघडले. परंतु शिक्षकाच्या नजरेला कोणता कायदा लावावा?

२०१६ साली येल विद्यापीठातील संशोधकांनी बालवाडीच्या शिक्षकांना चित्रफिती दाखवून त्यांतील खोडकर वर्तन हेरण्यास सांगितले. वस्तुतः कोणीच खोडी करीत नव्हते. तरीही त्यांची नजर कृष्णवर्णीय मुलग्यांवर अधिक काळ खिळून राहिली. कृष्णवर्णीय शिक्षकही त्यास अपवाद नव्हते.

ज्याच्यावर सतत पाळत, त्याचीच चूक आधी सापडते. तशीच चूक करणारा दुसरा सुटतो. मग ‘ही मुले अशीच’ हा समज पुराव्याने सिद्ध झाल्यासारखा भासतो. पूर्वग्रहाला द्वेषाची गरज लागत नाही. म्हणूनच सद्हेतूची ग्वाही पुरेशी नाही. कोणाला, कशासाठी शिक्षा झाली, याची नोंद तेथील प्रत्येक शाळेने ठेवावी आणि ती वर्णनिहाय तपासावी, असे आमचे मत आहे.

वर्गाबाहेर बसविल्या गेलेल्यांचे वंशज म्हणून आम्हांस ही वेदना परकी नाही. आणि आज फळ्यापुढे उभे राहणारे म्हणून या प्रश्नातून आमचीही सुटका नाही.